गाडीत रस्ता दाखवणारे यंत्र घेताना

मालेगावहून कापडाचे ताके घेऊन भिवंडीला निघालो होतो. संध्याकाळी ट्रान्सपोर्टवर बुकिंग बंद होण्यापूर्वी माल पोहोचवायचा होता. गाडीत नवेच घेतलेले रस्ता दाखवणारे यंत्र होते. खोक्यावर लिहिले होते, 'लाइव्ह ट्रॅफिक'. यंत्राने रस्ता मोकळा दाखवला आणि आम्ही पडघ्यापुढे दोन तास अडकलो. माल एक दिवस मागे पडला, व्यापाऱ्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, "चाचा, ट्रॅफिक मोबाईल जोडल्यावरच येते!" हे त्याने पैसे घेताना सांगितले नव्हते. खरे तर मीही विचारले नव्हते.

म्हणून व्यापारी बांधवांसाठी थोडा खुलासा करतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्या संदेशावरून यंत्र आपली जागा ठरवते. याला इंटरनेट लागत नाही, पैसेही पडत नाहीत. पण पुढे रस्ता तुंबला आहे की नाही, हे उपग्रहाला ठाऊक नसते. ती खबर मिळते रस्त्यावरच्या इतर लोकांच्या मोबाईलवरून. शंभर मोबाईल एका जागी मुंगीच्या चालीने सरकू लागले की कंपनी ओळखते की तिथे गर्दी आहे, आणि नकाशावर तो रस्ता लाल होतो. ही खबर आपल्यापर्यंत यायला इंटरनेट हवे. कसारा घाटात नेटवर्क तुटले तर नकाशा चालू राहतो, पण ट्रॅफिकची खबर शिळी होते.

तेव्हा दुकानात पहिला सवाल हाच : ट्रॅफिक येते कोठून? यंत्रात स्वतःचे सिम आहे, की आपला मोबाईल जोडावा लागेल? सिम असेल तर दरसाल किती भरायचे? दुकानदारासमोरच आपल्या मोबाईलचा डेटा बंद करून पाहा, गफलत लगेच उघडी पडेल.

दुसरा सवाल नकाशाचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. ज्या यंत्रात त्याआधीचा नकाशा आहे, ते आजही तुम्हाला कसाऱ्यानेच उतरवील. नवा नकाशा मोफत मिळतो का आणि किती वर्षे, हे बिलावर लिहून घ्यावे.

माझ्या मते लहान व्यापाऱ्याला वेगळे यंत्र घ्यायची गरज नाही. घरात पडलेला पण बॅटरी शाबूत असलेला मोबाईल, एक स्वस्त सिम आणि मजबूत स्टँड, एवढ्यात काम होते. गुगल मॅप्स मराठीत बोलून रस्ता सांगते, त्यामुळे न शिकलेल्या ड्रायव्हरलाही तकलीफ होत नाही. मात्र काचेखालच्या उन्हात मोबाईल तापून बंद पडतो, म्हणून स्टँड एसीच्या जाळीजवळ लावावा. मोबाईल हातात धरून पाहणे तर नकोच. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमात रस्ता पाहण्यापुरतीच सूट आहे, तीही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

एक गोष्ट टेम्पोवाल्यांसाठी. हे नकाशे मोटारीच्या हिशेबाने रस्ता सांगतात. तुमच्या गाठी किती उंच रचल्या आहेत, हे त्यांना कळत नाही. भिवंडीच्या कारखान्यांच्या गल्ल्यांत शिरलो की मी आवाज बंद करतो आणि ड्रायव्हरचे ऐकतो.