कार्टूनमधल्या मुलींचे डोळे एवढे मोठे का?

मी बचत गटांची सहयोगिनी. गटाच्या बैठकीत वसुली, व्याज, कर्जफेड हे विषय ठरलेलेच असतात. पण हिशोबाची वही मिटली की खऱ्या गप्पा सुरू होतात. सुट्टी लागल्यापासून बैठकांमध्ये एक विषय सारखा निघतोय. घरोघरी टीव्हीवर, नाहीतर मोबाइलवर, मुलं जपानी कार्टूनचे चित्रपट बघतात. रात्री भांडी आवरली की आयाही शेजारी टेकतात आणि मग त्यांना प्रश्न पडतात. "बशीएवढे डोळे कुणाचे असतात का?" "नाक कुठं गेलं?" "ही माणसं जपानची, मग केस निळे-गुलाबी कसे?"

एका ताईंचा प्रश्न जरा वेगळा होता. त्यांची सातवीतली मुलगी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आई, माझं नाक किती मोठं आहे गं." मुलीनं आपलं नाक कुणाच्या नाकाशी ताडून पाहिलं, ते ताईंच्या लगेच लक्षात आलं. म्हणून आज आपण या चेहऱ्यांबद्दल बोलू. ते कुणी काढले, तसेच का काढले, आणि आपण ते कसे बघायचे.

जपानमध्ये बनणाऱ्या या चित्रांच्या चित्रपटांना आणि मालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. त्यातले बरेच आधी चित्रकथेच्या पुस्तकात छापून येतात. त्या पुस्तकांना म्हणतात 'मांगा'. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

आता डोळ्यांकडे वळू. यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. ओसामू तेझुका. जन्म १९२८ सालचा. शिकले डॉक्टरकी, पण आयुष्यभर चित्रं काढली. अमेरिकेतल्या डिस्ने कंपनीचे चित्रपट त्यांना फार आवडायचे. 'बँबी' हा हरणाच्या पाडसाचा चित्रपट तर त्यांनी कितीतरी वेळा पाहिला होता. त्या पाडसाचे मोठे पाणीदार डोळे त्यांच्या मनात बसले.

दुसरी गोष्ट त्यांच्या गावातली. तेझुका ज्या ताकाराझुका गावात वाढले, तिथं एक नाटक मंडळी आहे. १९१४ साली तिचा पहिला प्रयोग झाला आणि ती आजही चालू आहे. तिथं सगळ्या भूमिका बायकाच करतात, पुरुषांच्यासुद्धा. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर यायचे, त्याच्या अगदी उलट. लांब बसलेल्या प्रेक्षकाला भाव दिसावेत म्हणून त्या नट्या डोळे खूप ठळक रंगवतात. तेझुकांची आई त्यांना लहानपणी ही नाटकं बघायला न्यायची.

पुढे १९५३ साली तेझुकांनी मुलींसाठी एक चित्रकथा सुरू केली. तिची नायिका सफायर ही राजकन्या. त्या राज्यात गादी फक्त मुलाला मिळते, म्हणून तिला मुलाच्या वेषात वाढवतात. मैत्रिणींनो, गोष्ट परदेशातली असली तरी ती आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही! या सफायरचे डोळे मोठे होते आणि त्यात चांदण्यांसारखी चमक होती. मुलींच्या मासिकांत असे टपोरे डोळे काढणारे चित्रकार जपानमध्ये आधीही होते. तेझुकांनंतर मात्र ही पद्धत घट्ट रुजली.

पण आवड हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं पैशाचं. आपण गटवाल्या बायका, हिशोब आपल्याला पटकन कळतो, म्हणून आकडे सांगते. चित्रपटात एका सेकंदात २४ चित्रं डोळ्यांपुढून जातात. म्हणजे मिनिटाला १,४४०. वीस मिनिटांच्या भागाला २८,८००. प्रत्येक चित्र वेगळं आणि हातानं काढायचं म्हटलं तर किती माणसं लागतील? १ जानेवारी १९६३ रोजी तेझुकांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा आणि पैसे तर अगदी कमी. मग त्यांनी काटकसर केली. एक चित्र तीनदा दाखवायचं. असं केलं की सेकंदाला आठच चित्रं लागतात आणि २८,८०० चं काम ९,६०० वर येतं. अंग स्थिर ठेवायचं, नुसते ओठ हलवायचे. धावण्याचं किंवा उडण्याचं एकदा काढलेलं चित्र जपून ठेवायचं आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायचं. आपण उरलेल्या कापडाची गोधडी शिवतो, तशातलाच हा प्रकार.

आता बघा, अंग हलत नाही, मान हलत नाही, तर राग, रडू, लाज दाखवायची कशातून? डोळ्यांतून. डोळा मोठा असला की बुबुळ थोडं खाली सरकवलं तरी लाज कळते, चमक वाढवली की रडू कळतं. म्हणजे मोठे डोळे हे नुसतं सौंदर्य नाही, ती कामाची सोय आहे.

नाकाचंही तसंच. समोरून बघताना नाक नुसत्या रेघांनी दाखवणं अवघड असतं. जास्त रेघा मारल्या की चेहरा म्हातारा दिसतो. शिवाय नाक भाव दाखवायच्या कामी फारसं येत नाही. म्हणून एक टिंब, नाहीतर छोटीशी रेघ देऊन भागवतात. हजारो चित्रं काढायची असली की प्रत्येक वाचलेली रेघ म्हणजे वाचलेला वेळ. थोडक्यात, कार्टूनमधल्या मुलीचं नाक लहान आहे ते चित्रकाराच्या सोयीसाठी. आपल्या मुलीचं नाक श्वास घ्यायला आहे.

केसांच्या रंगाचं कोडंही सोपं आहे. मांगाची पुस्तकं बहुतेक काळ्या शाईत छापतात. सगळ्यांचे चेहरे एकाच ठशाचे, मग कोण कुठली हे ओळखायचं कसं? केसांवरून. एकीचे केस पूर्ण काळे भरायचे, दुसरीचे पांढरे सोडायचे, तिसरीला दोन शेंड्या. हीच चित्रं रंगीत झाली तेव्हा त्या जागी पिवळा, निळा, गुलाबी असे रंग आले. नाओको ताकेउची या बाईंनी काढलेली 'सेलर मून' बघा. नायिकेचे केस पिवळेधमक, पण ती आहे टोकियोतली साधी जपानी शाळकरी मुलगी. तिच्या डोक्यावर दोन गोल अंबाडे आहेत. त्यांना जपानीत तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांचं, म्हणजे एका खाऊचंच नाव आहे. आपण 'डोक्यावर दोन लाडू' म्हणू, तसं. गोष्टीत तिच्या पिवळ्या केसांचं कुणाला काहीच वाटत नाही, कारण तो रंग ओळखीची खूण आहे. लांबून नुसती सावली दिसली तरी 'ही तीच' असं कळायला हवं, हे पात्र काढणाऱ्याचं पहिलं काम.

मग या मुली सगळ्या गोऱ्याच का? एक कारण कागद. कागद पांढरा, त्यामुळे चेहरा तसाच सोडला की गोरा दिसतो. पण एवढंच कारण सांगितलं तर अर्धवट होईल. गोरेपणाचं कौतुक जपानमध्येही जुनं आहे. गोरा रंग सात दोष झाकतो, अशा अर्थाची म्हण त्यांच्या भाषेत आहे. आपल्याकडे स्थळ बघताना जे बोललं जातं, त्याचीच ही बहीण. तेव्हा हा रंग बघून मुलगी खट्टू झाली, तर दोष तिच्या रंगाचा नाही, जुन्या सवयीचा आहे, हे तिला स्पष्ट सांगायला हवं.

आणि सगळ्याच जपानी कार्टूनमध्ये मोठे डोळे असतात असंही नाही. माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ साली वर्तमानपत्रात 'साझाए-सान' ही चित्रमालिका सुरू केली. नायिका एक गृहिणी. एकत्र कुटुंब, स्वयंपाक, बाजार, नवरा, भावंडं, हाच विषय. तिचे डोळे म्हणजे नुसते ठिपके. ही मालिका टीव्हीवर १९६९ मध्ये आली आणि अजून चालू आहे. जगात सर्वांत जास्त काळ चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. जगातला विक्रम एका ठिपक्याच्या डोळ्यांच्या गृहिणीच्या नावावर आहे, हे मुलींना जरूर सांगा.

हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' हा २००१ चा चित्रपट. त्यातली दहा वर्षांची चिहिरो मुद्दाम साधी काढली आहे. गोल चेहरा, काडीसारखे पाय, चारचौघींसारखी. सुरुवातीला तर ती रडकी आणि घाबरट आहे. आईवडील संकटात सापडतात, तेव्हा ती भुताखेतांच्या हमामखान्यात कामाला राहते, फरशा पुसते आणि त्यांना सोडवून आणते. या चित्रपटाला २००३ साली ऑस्कर मिळालं. चिहिरो लक्षात राहते ती तिच्या कामामुळे.

आता आयांनी नीट ऐकावं असा एक मुद्दा. चित्रं आहेत म्हणजे लहान मुलांचंच आहे, ही समजूत बरोबर नाही. आपल्या मुलांचा लाडका शिनचॅन घ्या. जाड भुवया, बटाट्यासारखं डोकं. पाच वर्षांचं पोर मोठ्यांसारखं उलट का बोलतं, असा प्रश्न पडतो ना? ही चित्रकथा १९९० साली सुरू झाली ती मोठ्या पुरुषांच्या मासिकात. मोठ्यांना हसवण्यासाठीच ती लिहिलेली होती. दुसरं उदाहरण 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', १९८८ चा चित्रपट. टपोऱ्या डोळ्यांची चार वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ. पण गोष्ट आहे युद्धातल्या बाँबहल्ल्यांची आणि उपासमारीची. मोठ्या माणसांनाही तो बघवत नाही. काही कार्टून अशीही आहेत, ज्यात मुलींची अंगं आणि कपडे पुरुषांच्या नजरेसाठीच काढलेले असतात. दोन मिनिटं बघितलं की बाईमाणसाला ते कळतंच. तेव्हा आपल्या नजरेवर विश्वास ठेवा.

एक सोपी खूण आहे. आपल्याकडे चित्रपटांना वयाप्रमाणे शिक्का असतो. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी. 'यूए ७+', 'यूए १३+', 'यूए १६+' म्हणजे त्या वयाखालच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचं. 'ए' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. मोबाइलवरच्या चित्रपटांच्या ॲपमध्येही नावाजवळ हा शिक्का दिसतो. मूल वाचू शकत असेल तर त्यालाच वाचायला सांगा.

पण नुसता मोबाइल हिसकावून प्रश्न सुटत नाही, मूल चोरून बघतं. त्यापेक्षा शेजारी बसून विचारा. हिला ओळखलंस कशावरून? हिचे डोळे एवढे मोठे कशाला काढले असतील? हिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? ज्या मुलाला 'हे कुणीतरी ठरवून काढलंय' हे कळतं, ते त्या चेहऱ्याला भुलत नाही. एक खेळही आहे. मुलांना कागद द्या आणि सांगा, आपल्या आजीचं कार्टून काढ, पण फक्त दहा रेघांत. कुणी मोठं कुंकू काढतं, कुणी चष्मा, कुणी नऊवारीचा काष्टा. आपण माणसाला कशावरून ओळखतो, ते मुलांना आपोआप समजतं.

मुलीला समजवायला आपल्या घरातलंच उदाहरण आहे. गौरी येतात तेव्हा त्यांचे मुखवटे आपण मांडतो. केवढे मोठे डोळे, केवढं कोरीव नाक, किती नितळ गाल! आपण भक्तीनं बघतो, हात जोडतो. पण एकही बाई गौरीपुढून उठून आरशात जाऊन रडत नाही. मुखवटा हा मुखवटा असतो, हे आपल्याला ठाऊक असतं. कार्टूनचा चेहराही मुखवटाच. बघावा, आवडून घ्यावा, पण त्याच्याशी आपलं तोंड मोजायला जाऊ नये.

चेहरा ठरवायची वेळ आपल्यावरही येते. आमच्या एका गटानं मसाल्याच्या पुड्या विकायचं ठरवलं. छापणाऱ्यानं पाकिटासाठी बायकांची तयार चित्रं दाखवली. सगळ्या गोऱ्यापान, नाजूक, हातात कधी मुसळ न धरलेल्या. बायका म्हणाल्या, मसाला आम्ही कुटणार आणि चित्र हिचं? मग गटातल्याच एका मुलीनं चित्र काढलं. सावळी, रुंद कपाळाची, पदर खोचलेली बाई. तेच पाकिटावर छापलं.

त्या सातवीतल्या मुलीच्या आईला मी एवढंच सांगितलं, पुढचा चित्रपट दोघी मिळून बघा आणि नाकाचा विषय तुम्हीच काढा. तुम्हीही बघा, आणि मुलांनी दहा रेघांत काढलेली आजी पुढच्या बैठकीला जरूर घेऊन या.