कागदावरची श्रीमंती

दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती १८१० साली ग्वाल्हेरचे लष्कर वसले. त्या लष्करातील दौलतगंज भागात एका मराठी स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग मध्यंतरी आम्हांस आला. त्यांच्या चिरंजीवास पुण्याच्या एका नव्या कंपनीचे नेमणूकपत्र आले होते. दुसऱ्या एका नोकरीपेक्षा पगार महिना ५,००० रुपयांनी कमी. परंतु चार वर्षांनी कंपनीचे १,००० शेअर प्रत्येकी १०० रुपयांस विकत घेण्याचा हक्क मिळणार होता. शेअरची आजची किंमतही तेवढीच. मुलगा हर्षभरित झाला होता. आईने मात्र आम्हांस विचारले, "भाऊजी, हा पैसा आहे की नुसता कागद?"

प्रश्न मार्मिक होता. या हक्कास 'स्टॉक ऑप्शन' म्हणतात. त्याने कित्येकांचे कल्याण झाले आहे, हे खरे. १९८१ साली पुण्यात अवघ्या १०,००० रुपयांवर सुरू झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये नोकरांना शेअर देण्याची योजना आखली, आणि पुढे तिच्यातून अनेक साधे नोकरदार लक्षाधीश झाले. पण प्रत्येक कंपनी इन्फोसिस होत नाही. पेटीएमचा शेअर २०२१ च्या नोव्हेंबरात २,१५० रुपयांस विकला गेला, आणि बाजारात आला त्याच दिवशी सुमारे १,५६४ वर उतरला.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार वर्षांत सोडावा लागणारा पगार २,४०,००० रुपये. म्हणजे १०० चा शेअर ३४० झाला, तरच नुसती बरोबरी! समजा, तो २५० झाला. मग नफा १,५०,०००. पण शेअर घेताना आधी १,००,००० रुपये रोख मोजावे लागतील. शिवाय तो नफा पगारातच धरला जाऊन त्यावर प्राप्तिकर बसेल. दर तीस टक्के असल्यास ४५,००० आणि वर उपकर. शेअर बाजारात विकता येत नसला, तर हा पैसा आणावयाचा कोठून? आणि कर भरल्यावर शेअर कोसळला, तर भरलेला कर परत मिळत नाही. भाव १०० च्या खाली गेला, तर हक्क निरुपयोगी. मुदतीपूर्वी नोकरी सोडली, तर तो बहुधा हातचा जातो.

कंपनीलाही हे दान फुकट पडत नाही. नवे शेअर निघाले की जुन्या भागधारकांचा वाटा तितका लहान होतो. पूर्वी पुष्कळ कंपन्या हा खर्च पुरता दाखवीत नसत. भारतातील मोठ्या कंपन्यांना नव्या हिशेबपद्धतीनुसार २०१६ पासून तो जमाखर्चात पगाराप्रमाणे धरावा लागतो. देणाराच ज्याला खर्च मानतो, त्याची किंमत घेणाऱ्यानेही का करू नये?

म्हणून अशा घरांस आमचे सांगणे एवढेच: हक्क पक्का केव्हा होतो, नोकरी सुटल्यास काय उरते, शेअर कोठे विकता येईल आणि कर केव्हा भरावयाचा, हे चार प्रश्न सही करण्यापूर्वी लेखी विचारावेत. घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि बहिणीचे लग्न पगारावरच बेतावे. हक्क म्हणजे बांधावर लावलेले आंब्याचे रोप. फळले तर आनंद, पण त्याच्या भरवशावर चूल पेटवू नये.

मुलाने त्याच रात्री ते चार प्रश्न कंपनीस लिहून पाठविले. आईने आमचा हिशेबाचा कागद घडी घालून डब्यात जपून ठेवला.