अडवलेला अर्थसंकल्प

1991 म्हटलं की आपल्याला 24 जुलै आठवतो. डॉ. मनमोहन सिंग यांचं भाषण, परवाना राज मोडीत काढणारं औद्योगिक धोरण, खुली होऊ लागलेली बाजारपेठ. पण त्याच वर्षी 4 मार्चलाही लोकसभेत एका अर्थमंत्र्यांचं भाषण झालं होतं. यशवंत सिन्हा यांनी पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी अंतरिम अर्थसंकल्प मांडला, काही महिन्यांच्या खर्चापुरतं लेखानुदान मागितलं आणि दोनच दिवसांनी त्यांचं सरकार गेलं. देश सावरला कसा हे समजून घ्यायचं असेल, तर जुलैइतकंच मार्चकडेही पाहावं लागतं.

या कथेची सुरुवात डिसेंबर 1989 मध्ये होते. विश्वनाथ प्रताप सिंह यांचं राष्ट्रीय आघाडीचं सरकार एका बाजूने भाजपच्या आणि दुसऱ्या बाजूने डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं. अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते. ऐंशीच्या दशकात उसनवारीवर वाढवलेल्या खर्चाचं ओझं त्यांना वारशातच मिळालं. त्यात निवडणुकीत दिलेला शब्द पाळून शेतकऱ्यांची 10 हजार रुपयांपर्यंतची कर्जं माफ करावी लागली. तरी आघाडी म्हणजे नुसती ओढाताण नव्हे. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असतानाच, जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. केंद्र आणि चार राज्यांचं भांडवल, उरलेला पैसा रोख्यांतून, असा मार्ग निघाला आणि वर्षानुवर्षं रखडलेलं काम सुरू झालं.

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेतवर आक्रमण केलं. तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला. नेमक्या त्याच महिन्यांत दिल्लीत मंडल आणि मंदिर यांवरून रण पेटलं होतं. ऑक्टोबरमध्ये भाजपने पाठिंबा काढला, नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. मग जेमतेम 60 खासदारांच्या बळावर चंद्रशेखर पंतप्रधान झाले, काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर. जानेवारी 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे 1.8 अब्ज डॉलर दिले. पुढची मदत हवी असेल, तर तूट आवरणारा अर्थसंकल्प मांडणं भाग होतं. सिन्हा त्याला तयार होते. निवडक सरकारी उद्योगांतला 20 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा विकण्याची कल्पना त्यांच्या अंतरिम भाषणातही आहे. पण काँग्रेसने पूर्ण अर्थसंकल्पाला संमती दिली नाही. राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवणारे हरियाणाचे दोन पोलीस सापडल्याचं निमित्त झालं आणि 6 मार्चला चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला.

पुढच्या चार महिन्यांत देशाने या अडवणुकीची किंमत मोजली. परकीय चलनाची गंगाजळी त्याआधीच आटत होती, पण निर्णय घेणारं सरकारच नाही म्हटल्यावर पतही गेली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत अनिवासी भारतीयांनी सुमारे 95 कोटी डॉलरच्या ठेवी काढून नेल्या. आयात रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने रोख अनामत 200 टक्क्यांवर नेली. म्हणजे 100 रुपयांचा माल मागवायचा तर 200 रुपये आधी बँकेत अडकवून ठेवायचे. सुटे भाग आणि कच्चा माल यांवाचून कारखाने अडले. 1991-92 मध्ये औद्योगिक उत्पादन जवळपास जागच्या जागी राहिलं. मे महिन्यात 20 टन सोनं परत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं गेलं. जुलैत आणखी 46.91 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून 40.5 कोटी डॉलर उभे केले. घरातलं सोनं गहाण टाकणं ही शेवटची पायरी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. देश त्या पायरीवर उभा होता.

जूनमध्ये आलेलं नरसिंह राव यांचं सरकारही अल्पमतातलंच. दोनदा रामटेकमधून लोकसभेवर गेलेले, उत्तम मराठी जाणणारे राव बेरजेच्या राजकारणात मुरलेले होते. लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष झाले, उपाध्यक्षपद भाजपकडे गेलं. विश्वासदर्शक ठरावावर राष्ट्रीय आघाडी आणि डावे तटस्थ राहिले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि 24 तारखेला अर्थसंकल्प आला.

खरी घासाघीस त्यानंतर झाली. खतांचे दर सरासरी 40 टक्क्यांनी वाढवले होते. विरोधकांच्या बरोबरीने सत्ताधारी पक्षाचे खासदारही उठले. 6 ऑगस्टला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी वाढ 30 टक्क्यांवर आणली आणि लहान, सीमांत शेतकऱ्यांना वगळलं. अर्थसंकल्प वाकला, पण मोडला नाही. सभागृहात समोरासमोर झालेली ही तडजोड मला लोकशाहीची खूण वाटते.

तिचा पुढचा भाग मात्र महागात पडला. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतं नियंत्रणातून मोकळी केली गेली. युरियाला हात लावण्याची कुणाचीच राजकीय तयारी नव्हती. उलट त्याचा दर 10 टक्क्यांनी उतरवला. डीएपी, पोटॅश महाग आणि युरिया स्वस्त म्हटल्यावर शेतकरी युरियाचीच गोणी उचलणार. नत्र, स्फुरद, पालाश यांचं देशातल्या वापराचं प्रमाण एका वर्षात 5.9:2.4:1 वरून 9.5:3.2:1 वर गेलं. 4:2:1 हे आदर्श मानलेलं प्रमाण आणखी दूर गेलं. दिल्लीतल्या त्या तडजोडीचा भार आजही जमीन वाहते आहे.

देश सावरला, हे खरं. तारणावरचं कर्ज 1991 सरण्याआधी फिटलं. मार्च 1994 पर्यंत गंगाजळी सुमारे 19 अब्ज डॉलरवर गेली. पण पहिल्या कपातीत विकासकामांवरच्या भांडवली खर्चाला कात्री लागली, कारण त्याच्या बाजूने ओरडणारा गट नव्हता. जुलै 1993 मध्ये सरकार 265 विरुद्ध 251 मतांनी तरलं. त्यांतली काही मतं पैसे देऊन मिळवल्याचं प्रकरण पुढे वर्षानुवर्षं न्यायालयात गाजलं. 1993-94 मध्ये तूट पुन्हा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सात टक्क्यांच्या आसपास चढली.

या चार वर्षांवरून पक्षांच्या वाटाघाटींनाच दोष देणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. बहुमत नसलेल्या सभागृहात बोलणी होणारच, व्हायलाच हवीत. आकड्यांवर भांडा, दर कमी करून घ्या, सवलती मिळवा. पण अर्थसंकल्प मांडूच न देणं हे वाटाघाटीचं हत्यार असू नये, कारण त्याची झळ सरकारपेक्षा देशाच्या विश्वासार्हतेला आधी बसते. आणि समेट झाला की दोन्ही बाजूंनी एक प्रश्न मोठ्याने विचारला पाहिजे: या चर्चेत ज्याच्या बाजूने कुणीच बोललं नाही, त्याच्या वाट्याला काय आलं? तो विचारण्याची सवय आपण मतदारांनीच लावली पाहिजे.