एक्स-मेनचा तो काळ

‘एक्स-मेन’ या अमेरिकन चित्रकथेचे जुने चाहते एकत्र जमले, की बोलणे बहुधा १९७७ ते १९८१ या काळाकडे वळते. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६३ साली सुरू केलेली ही मालिका १९७० पासून काही वर्षे केवळ पुनर्मुद्रणावर तग धरून होती. १९७५ साली लेन वीन व डेव्ह कॉक्रम यांनी देशोदेशींचे नवे वीर आणून तिला संजीवनी दिली. पुढे क्रिस क्लेअरमाँट यांचे लेखन आणि जॉन बर्न यांचे रेखाटन यांचा सुरेख मिलाफ झाला.

या काळाची आठवण टिकली, कारण येथे कृत्यांचे परिणाम भोगावे लागत. शक्तीने उन्मत्त झालेल्या जीन ग्रेने एक तारा गिळला आणि त्याच्या ग्रहावरील सारी वस्ती नष्ट झाली. मूळ योजनेत तिची फक्त शक्ती हिरावली जाणार होती. संपादक जिम शूटर यांना एवढ्या संहारास ते शासन अपुरे वाटले. अखेर १९८० सालच्या १३७व्या अंकात जीनने प्राणार्पण केले. १९८६ साली तिला पुन्हा जिवंत करण्यात आले, तेव्हा अनेक चाहते हळहळले; त्या त्यागाचे मोलच त्यामुळे उणे झाले, असे त्यांना वाटले.