दाढेतलं सिमेंट

आपण मस्कतवाले वर्षभर दातदुखी अंगावर काढतो आणि जून-जुलैच्या सुट्टीत गावी गेलो की सगळं उरकून घेतो. कारणं सर्वांना ठाऊक आहेत. बऱ्याच जणांच्या इथल्या विम्यात दात येत नाहीत, गावचा डॉक्टर ओळखीचा असतो आणि रियालचा हिशेब मनातल्या मनात केला की सगळंच स्वस्त वाटतं. मग लग्नं, बँक, आधार कार्ड अशा यादीच्या तळाशी 'दात' असं लिहिलेलं असतं. आमच्या यादीतही ते तळाशीच होतं.

गेल्या वर्षी परतीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघंही एका दवाखान्यात. हिच्या दोन दाढा, माझी एक आणि अकरा वर्षांच्या चिरंजीवांची खालची मोठी दाढ. बाहेर आठ-दहा पेशंट खोळंबलेले. चिरंजीवांच्या तोंडात लाळेचा पूर, कापसाचे बोळे भिजून चिंब. डॉक्टरांनी खड्डा एकाच दमात भरला, निळा दिवा जरासा दाखवला आणि म्हणाले, "झालं, आता आईस्क्रीम खा!" मी खूष. दुसऱ्या दिवशी विमानात.

दसरा झाल्यावर तक्रार सुरू झाली. "बाबा, दाढेत सारखं काहीतरी अडकतंय." इथल्या डॉक्टरीणबाई तरुण, ओमानी. त्यांनी भरलेल्या जागेवर अणकुचीदार सळई फिरवली. वरचा पापुद्रा टणक होता. तो काढला, तर खालचा माल चमच्यासारख्या हत्याराने मेणासारखा खरवडून निघाला! त्याखाली पुन्हा कीड.

मंडळी, मी पाइपलाइनचं पोलाद तपासणारा माणूस. टणकपणा मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि माझ्याच पोराच्या दाढेत असा कच्चा माल! तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो आणि डॉक्टरीणबाईंनाही प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

टणकपणा मोजायची रीत सोपी आहे. ठराविक वजनाने हिऱ्याचं टोक दाबायचं आणि उमटलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. खळगा जितका लहान, तितका आकडा मोठा. या आकड्याला विकर्स म्हणतात. आंबट वायूच्या, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडवाल्या, लाइनीचं पोलाद आम्ही विकर्स २५० च्या आत ठेवतो, कारण जास्त टणक झालं की ते तडकतं. आता गंमत बघा, दातावरच्या एनॅमलचा आकडा तीनशेच्या आसपास जातो! आतल्या डेंटिनचा मात्र साठ-सत्तर. आपण जिला 'चांदी' म्हणतो तिचा शंभराच्या आगेमागे आणि पांढऱ्या कॉम्पोझिटचा चाळीसपासून शंभरापर्यंत.

मग एनॅमलहून टणक काहीतरी भरावं, असं कुणाला वाटेल. पण दाढ एकटी चावत नाही, समोरची दाढ तिच्यावर घासते. फार टणक आणि खरखरीत पोर्सेलीन समोरचा दात झिजवतं. पोलादासारखंच इथेही अति तिथे माती.

कॉम्पोझिट म्हणजे राळेत कालवलेली काचेची बारीक पूड. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या राफाएल बोवेन यांनी या राळेचं पेटंट १९६२ साली मिळवलं. टणकपणा मोजण्याची नूप ही दुसरी पद्धतही त्याच संस्थेत १९३९ साली निघालेली, हे वाचून मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पूड जितकी जास्त, तितका माल साधारणपणे टणक. ते कंपनीच्या हातात. पण राळ पक्की होणं हे दवाखान्यातल्या त्या दोन-चार मिनिटांवर ठरतं. सुमारे ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मिळाला की राळेचे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जातात. प्रकाश पोचला नाही तिथे ते सुटेच राहतात. साध्या कॉम्पोझिटमध्ये प्रकाश धडपणे दोनेक मिलिमीटरच उतरतो. म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यायचे आणि प्रत्येक थराला पुरेसे सेकंद द्यायचे. जाड थरात चालणारे नवे प्रकारही आले आहेत, पण त्यांनाही मर्यादा आहेच. माल गडद रंगाचा असेल तर वेळ जास्त हवा. दिव्याचं टोक लांब राहिलं, तिरकं झालं, त्यावर जुनी राळ चिकटलेली असली, की वरून सगळं ठीक दिसतं आणि तळ कच्चा राहतो. प्रयोगशाळेत तळाचा टणकपणा वरच्याच्या निदान ८० टक्के असला तरच थर पक्का झाला असं धरतात. पेशंटला तळ दिसत नाही. लहान मुलाचं तोंड पुरतं उघडत नाही, त्यामुळे नेमकी मागची दाढच फसते.

यात लाळ शिरली की माल दाताला धरतच नाही, ते आणखी वेगळं.

दुसरं आहे काचेचं सिमेंट, ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते शोधलं आणि १९७२ च्या सुमारास ते जगापुढे आलं. ते फ्लोराइड सोडतं, दाताला आपसूक चिकटतं, पण कॉम्पोझिटइतकं झिजेला टिकत नाही. पूड आणि द्रव हाताने कालवताना द्रव थोडा जास्त पडला की काम सोपं होतं आणि सिमेंट मऊ. बांधकामावर पाणी जास्त घालणारा गवंडी आठवा! उकाड्यात ते भराभर आळतं, म्हणून गार काचेवर कालवतात. पहिल्या दिवशी त्याला पाणी बाधतं, म्हणून वरून वार्निश किंवा व्हॅसलीन लावतात. कॉम्पोझिटच्या नळ्याही बहुधा २५ अंशांच्या आत ठेवायच्या असतात. मस्कतच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीत राहिलेल्या खोक्याचं काय होत असेल, याचा विचार मी हल्ली करतो.

आणि चांदी. लहानपणी आमच्या गावचे डॉक्टर खलात चांदीची पूड आणि पारा घोटायचे आणि फडक्यात पिळून जादा पारा काढायचे, ते मी डोळे विस्फारून पाहिलंय. पारा जास्त उरला की भर कमजोर होते, हे त्यामागचं शास्त्र. ओलाव्याची तिला फारशी पर्वा नाही, पण पुरता जोर यायला दिवस लागतो, म्हणून "आज त्या बाजूने चावू नका". तिच्यात वजनाने निम्मा पारा असतो. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ साली लागू झाल्यापासून ती मागे पडत चालली आहे, युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून तिचा सर्वसाधारण वापर बंद केला. त्यामुळे मुलांच्या तोंडात यापुढे पांढरा मालच जाणार, आणि त्याला वेळ लागतो.

चिरंजीवांची दाढ इथे दुसऱ्यांदा भरली, तेव्हा मी घड्याळ लावून बसलो होतो. लाळ येऊ नये म्हणून रबराचा पडदा ताणून बसवला, त्यालाच दहा मिनिटं लागली. मग तीन थर, प्रत्येक थराला दिवा वीस सेकंद, टोक अगदी टेकवून. शेवटी घासून गुळगुळीत केलं, कारण हवेमुळे वरचा पातळसा थर चिकट राहतो. एका दाढेला सगळे मिळून पंचेचाळीस मिनिटं. गावी तेवढ्या वेळात आमच्या चार दाढा झाल्या होत्या.

बिल पाहून ही गप्प बसली. नंतर गाडीत म्हणाली, "माझ्या दोन दाढांचं काय?" त्या तपासायच्या आहेत, माझीही. चिरंजीवांच्या दाढेची कीड नसेच्या अगदी जवळ गेली होती. नस वाचली की नाही, हे पुढच्या महिन्यातल्या एक्स-रेत दिसेल. या सुट्टीच्या यादीत 'दात' मी सगळ्यात वर लिहिलंय, गावी पोचल्यावरचा पहिला आठवडा, आणि डॉक्टरांना फोनवर सांगून ठेवलंय की एका वेळी एकच दाढ.