क्रीडापटू विद्यार्थी आणि विद्यापीठातील सहजीवन

वसतिगृह हे केवळ निवाऱ्याचे स्थान नव्हे. भिन्न विषयांचा अभ्यास करणारे व भिन्न परिस्थितीतून आलेले तरुण तेथे एका पंक्तीस जेवतात, रात्री उशिरापर्यंत वाद घालतात आणि व्याख्यानांतून न मिळणारे शिक्षण परस्परांकडून मिळवितात. या शिक्षणास विद्यार्थ्यांचा एखादा वर्ग सातत्याने मुकत असेल, तर त्याची कारणे शोधणे अगत्याचे ठरते. अमेरिकेतील विद्यापीठांचा क्रीडापटू विद्यार्थी हा असा वर्ग होय.

तेथील मोठ्या विद्यापीठांचे फुटबॉल व बास्केटबॉल संघ हे लोकप्रियतेचे आणि उत्पन्नाचे साधन आहेत. साहजिकच खेळाडूंची झोप, आहार व शिस्त यांवर देखरेख ठेवता यावी, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृहे निघाली. अलाबामा विद्यापीठात १९६०च्या दशकात उभे राहिलेले, प्रशिक्षक पॉल ब्रायंट यांच्या नावाचे वसतिगृह हे त्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण होय. सोयी उत्तम होत्या. परंतु सहाध्यायी दुरावले. पॅट्रिशिया व पीटर ॲडलर या समाजशास्त्रज्ञांनी एका बास्केटबॉल संघाचे काही वर्षे निकट निरीक्षण करून १९९१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आरंभी अभ्यासाविषयी उत्साही असलेले खेळाडू हळूहळू त्याविषयी उदासीन होतात आणि ‘खेळाडू’ ही एकच भूमिका त्यांच्या इतर भूमिका ग्रासून टाकते, असे त्यांना आढळले. वेगळा निवास हे या एकाकीपणाचे एक कारण होते.

१९९१ मध्येच नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या नियामक संघटनेने स्वतंत्र क्रीडावसतिगृहे बंद करण्याचा निर्णय घेतला व तो १९९६ पासून अमलात आला. ज्या वसतिगृहात निम्मे वा अधिक रहिवासी खेळाडू असतील, ते क्रीडावसतिगृह मानावे, अशी व्याख्या ठरली. खेळाडूंसाठीच्या खास भोजनावरही दिवसातून एका वेळेची मर्यादा आली. हेतू असा, की खेळाडूंनी इतरांबरोबर राहावे व जेवावे.

हेतू स्तुत्य असला तरी भोजनाच्या बाबतीत अडचण उद्भवली. सरावामुळे ज्याची भूक मोठी आणि खाणावळीच्या वेळा ज्यास साधत नाहीत, त्यास सर्वसाधारण भोजनव्यवस्था पुरेशी पडतेच असे नाही. एप्रिल २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा नामांकित खेळाडू शबाझ नेपियर याने, आपणास काही रात्री उपाशी झोपावे लागते, असे पत्रकारांस सांगितले. त्याच महिन्यात संघटनेच्या विधिमंडळाने प्रथम श्रेणीच्या संघांतील खेळाडूंस अमर्याद भोजन व अल्पोपाहार देण्यास मान्यता दिली. पोषणाचा प्रश्न सुटण्याचा मार्ग मोकळा झाला. सहभोजनाचा मात्र पुन्हा मागे पडला.

याचे मूळ वेळापत्रकात आहे. सराव व स्पर्धा यांवर १९९१ पासून हंगामात आठवड्यास २० तासांची मर्यादा आहे. परंतु प्रवास, दुखापतींवरील उपचार व ‘ऐच्छिक’ व्यायाम यांचा वेळ त्यात धरला जात नाही. शिवाय स्पर्धेचा दिवस, ती कितीही लांबली तरी, तीनच तासांचा मानला जातो. पहाटे व्यायाम, दुपारी सराव आणि शनिवार-रविवारी परगावी सामना असा ज्याचा क्रम, त्याची खोली इतर विद्यार्थ्यांच्या शेजारी असली तरी शेजाऱ्याशी गाठ क्वचितच पडणार. चर्चामंडळ, नाट्यमंडळ यांची दारे त्यास उघडी असतात. तेथे जाण्यास संध्याकाळ मोकळी नसते.

२०२५च्या जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंस थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे. त्यांच्या श्रमांचे मोल होणे न्याय्यच होय. परंतु मोबदला आला की अपेक्षा वाढतात, आणि अपेक्षांबरोबर तासही वाढण्याचा संभव असतो. निवासाचे नियम खोल्यांची वाटणी करू शकतात. मैत्रीस लागणारा अवकाश त्यांतून निर्माण होत नाही. म्हणून खेळाडूला विद्यार्थी म्हणावयाचे असेल, तर तो कोठे झोपतो यापेक्षा त्याचे किती तास त्याचे स्वतःचे आहेत, हेच प्रथम मोजले पाहिजे.