हजार कोटींना तीन औषधं

उपचार न घेतलेल्या माणसाच्या अंगात एचआयव्हीचे रोज सुमारे १,००० कोटी नवे कण तयार होतात. एक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. एका दिवसाचे कण ओळीनं मांडले तर रांग किलोमीटरभर होईल. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या दारातून निघाली तर थेट अंबाबाईच्या देवळापर्यंत!

पण खरा घात करतात नकलेतल्या चुका. विषाणूची जनुकीय संहिता साधारण ९,७०० अक्षरांची. त्यातलं ठरावीक अक्षर ठरावीक तऱ्हेनं चुकण्याची शक्यता ढोबळमानानं लाखात एक. हजार कोटींत लाखात एक, म्हणजे असे रोज एक लाख कण. लॅमिव्ह्युडिनला निकामी करायला एवढी एकच चूक पुरते: विषाणूच्या एका विकरात १८४व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन व्हॅलिन आलं की झालं. हे औषध एकटं दिलं, तेव्हा काही आठवड्यांतच असे विषाणू माजले.

तीन औषधं एकदम दिली की तिन्ही चुका एकाच कणात जुळाव्या लागतात. लाखात एकचा तीनदा गुणाकार केला की १ वर १५ शून्यं एवढ्या कणांत एक. रोज हजार कोटी कण धरूनही असा एक निपजायला एक लाख दिवस, म्हणजे २७४ वर्षं लागतील. कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजी होते तेव्हापासून आजपर्यंत! हिशेब ढोबळ आहे, पण १९९६पासून लाखो जीव याच गुणाकारानं तगले. आजच्या एका गोळीत टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असतं. तेच लॅमिव्ह्युडिन, आता सोबतीनं. गोळ्या वरचेवर चुकल्या की मात्र रक्तातली औषधं मागेपुढे उतरतात आणि विषाणूची गाठ एकेकट्याशी पडते.

असे नवे सोबती शोधायला भोसरीच्या राष्ट्रीय ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी आणि एड्स संशोधन संस्थेत (पूर्वीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) नवी संयुगं तपासताना अशा पेशी वापरतात, की विषाणू शिरला की त्या प्रकाश देतात. दोन औषधांची जोडी तपासायची रीत सोपी: या पेशींच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका औषधाची मात्रा आडवी वाढवत न्यायची, दुसऱ्याची उभी. दोन्ही थोडी असूनही उजेड मावळला, तर जोडी जमली.

एका जागी मात्र तीन औषधांचा हा गुणाकार पोचत नाही. सुमारे दहा लाख सुप्त पेशींत विषाणू नुसता पडून राहतो. हा साठा निम्मा व्हायला ४४ महिने लागतात. शेवटची पेशी संपेपर्यंत वीस वेळा निम्मा व्हायला हवा: एकही दिवस गोळी न चुकवता, ७३ वर्षं.